हॉलची किल्ली कुणाकुणाकडे असावी?

कारेलीबागी · मंगळवार, ८ जुलै, रात्री १०:१४

मंडळी, नमस्कार. बडोद्यात कारेलीबागेत आमच्या लहानशा मंडळाचा हॉल आहे. खाली वाचनालयाची खोली, मागे भांडीकुंडी, जिना चढून वर हॉल. भजन, हळदीकुंकू, डोहाळजेवण, वेळ आली तर तेरावंही तिथेच. सकाळी वाचनालयात मुलं अभ्यासाला बसतात. त्यातली निम्मी गुजराती आहेत, सरकारी परीक्षांची तयारी करणारी. कुणी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी त्रास दिला नाही.

इतकी वर्षं या हॉलची सगळी व्यवस्था म्हणजे शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातला एक खिळा. "काकू, चावी" म्हणायचं, काकू कढईवरून मान न वळवता "घे" म्हणायच्या. (किल्ली का चावी यावर कृपया वाद नको. आम्ही बडोदेकर दोन्ही म्हणतो.) कुलूपही त्या व्यवस्थेला शोभेल असंच. दाराचा डावा पल्ला खाली बसलाय, त्यामुळे नुसती किल्ली फिरवून ते उघडत नाही. त्याची एक खुबी आहे.

आता दोन गोष्टी झाल्या.

पहिली गेल्या वर्षीची. जन्माष्टमीला लागलेला पाऊस थांबेना, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली हे सगळ्यांना आठवत असेलच. आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. तळमजल्यावरच्या चार कुटुंबांना हॉलवर न्यायचं ठरलं. काकू त्या आठवड्यात लेकीकडे मांजलपूरला. किल्ली खिळ्यावर, खिळा काकूंच्या बंद घरात. दुसरी किल्ली कुणाकडे? एकालाही सांगता येईना. वीज नाही, अर्ध्या लोकांचे फोन मेलेले. शेवटी रात्री साडेअकराला एकाने पहार आणून कडी उचकटली. तोपर्यंत एका नव्वदीच्या आजींना दोघांनी खुर्चीसकट धरून ठेवलं होतं, पाण्याच्या वर.

दुसरी या मे महिन्यातली. पेटी गेली. म्हणजे हार्मोनियम. चांगली जुनी, सागवानी, भाता दोनदा बदललेली. कुलूप शाबूत, कडी शाबूत, खिडक्या आतून बंद. म्हणजे जो आला तो किल्लीने आला. मग आम्ही किल्ल्या मोजायला बसलो. कमिटीच्या वहीत पाच होत्या. आठ दिवस घरोघर विचारल्यावर निघाल्या चौदा! एक डेकोरेशनवाल्याकडे, एक पुण्याला स्थायिक झालेल्या सभासदाकडे, एक तर दिवंगत खजिनदारांच्या देव्हाऱ्यात सापडली. सूनबाईंना वाटत होतं की ती तिजोरीची असेल, म्हणून दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लागत होतं.

आता कमिटीचा प्रस्ताव असा: दाराला अंगठ्याचं यंत्र (कोटेशन २२ हजार), प्रवेश फक्त सभासदांना, नव्या सभासदाला दोन जुन्यांची शिफारस आणि आधारची झेरॉक्स. वाचनालयालाही हेच लागू. २० तारखेला सभा आहे. पेटी गेल्याचा राग मलाही आहे, पण प्रस्ताव वाचल्यापासून ती सकाळची पोरं डोळ्यांपुढे येतात. तुमच्याकडे कसं करतात?

---

तिरकस · मंगळवार, रात्री १०:३१

चौदा किल्ल्या आणि एक कुलूप. याला मंडळ म्हणत नाहीत, धर्मशाळा म्हणतात.

यंत्र बसवा. विषय संपला.

---

लीलो चेवडो · मंगळवार, रात्री १०:४०

देव्हाऱ्यातल्या किल्लीसाठी दंडवत _/\_

वाचतोय.

---

निवृत्त मास्तर · बुधवार, ९ जुलै, सकाळी ६:०५

वाचनालयाला सभासदत्वाची अट घालण्यापूर्वी कमिटीने एकदा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन यावं. लांब नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. सक्तीचं मोफत शिक्षण १९०६ पासून सगळ्या संस्थानात होतंच, त्यामुळे शाळेतून बाहेर पडलेल्या पोराने पुढे वाचायचं काय, हा पुढचा प्रश्न होता. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. शिवाय फिरती ग्रंथालयं: लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेडोपाडी पाठवायची, लोकांनी वाचायची, मग पेटी परत. त्या पेट्यांतली काही पुस्तकं हरवली नसतील का? हरवली असणारच, पुस्तकंच ती. तरी पेट्या जात राहिल्या.

त्याच शहरात आपण अभ्यासाला बसणाऱ्या पोराकडे दोन शिफारशी मागतोय.

---

तिरकस · बुधवार, सकाळी ८:२२

मास्तर, महाराजांकडे खजिना होता. यांच्याकडे पेटी होती, ती गेली.

---

लिव्हर · बुधवार, सकाळी ९:४७

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे यंत्र विकलं तर माझाच फायदा. तरी सांगतो, घेऊ नका. निदान या दाराला नको.

विजेवर चालणारी कुलपं साधारण दोन जातीची. एक चुंबकाचं. वीज असेपर्यंत दार धरून ठेवतं, वीज गेली की सोडतं. दुसरं बोल्टवालं, वीज गेली की बंदच राहतं. बॅटरी लावता येते, पण ती किती तास पुरेल हे ती कुणी, कधी बदलली यावर आहे, आणि मंडळात बॅटरी कोण बदलतं ते मला ठाऊक आहे. आता गेल्या वर्षीची रात्र डोळ्यांपुढे आणा. पहिल्या जातीचं असतं तर दार सताड उघडं, दुसरं असतं तर पुन्हा पहारच.

आणि अंगठा. माझ्या आईचा अंगठा बँकेत उठत नाही. आयुष्यभर भांडी घासली, रेषा गेल्या. तुमच्या काकूंचा तरी उठेल का? मंडळाचं दार काकूंना उघडणार नाही आणि डेकोरेशनवाल्याच्या पोराला उघडेल!

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. हॉल वर आहे आणि जिना एकच दिसतोय. सुरतेला २४ मे २०१९ ला तक्षशिला आर्केडच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये आगीत २२ जण गेले. राजकोटच्या गेम झोनची आग तर गेल्या वर्षीचीच, २५ मे २०२४. त्यानंतर गावोगाव हॉल सील झाले तेव्हा आमच्याकडे पत्रे कापायला आणि दारं उलटी फिरवायला रांग लागली होती. आतून बाहेर पडायच्या दाराला किल्ली, कार्ड, अंगठा काहीही लागता कामा नये. आत येणाऱ्याला अडवा हवं तेवढं, बाहेर जाणाऱ्याला नाही. प्रस्तावात हे एका ओळीत तरी आहे का?

---

कारेलीबागी · बुधवार, सकाळी १०:१५

नाही. उलट कार्यक्रम चालू असताना फुकटे जेवायला येतात म्हणून खालच्या दाराला आतून कुलूप लावायची पद्धत आहे. आत्ता लिहिताना माझ्याच पोटात गोळा आला.

---

लिव्हर · बुधवार, सकाळी १०:२०

ते आजच बंद करा. सभेची वाट बघू नका. फुकट्याला जेवू द्या.

---

ओव्यांची वही · बुधवार, दुपारी ३:१०

मी भजनी मंडळातली. या हॉलची नाही, पण आमचाही असाच आहे, वाडी भागात.

सगळे पुरुष किल्लीबद्दल बोलताहेत म्हणून लिहिते. उघडं असावं हे मलाही पटतं. पण आमचं भजन रात्री नऊला सुटतं. वर आम्ही सात बायका, आणि खाली ओट्यावर तीन अनोळखी पोरं बसलेली, एकाच्या हातात सिगारेट. त्यांनी काही केलं नाही, बोललेही नाहीत. पण जिना उतरताना आम्ही सातही जणी गप्प झालो. पुढच्या गुरुवारी चार आल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी भजन दुपारी तीनला ठेवलं, तर नोकरी करणाऱ्या दोघी सुटल्या.

म्हणजे उघड्या दारानेही कुणीतरी बाहेर राहतंच. ते दिसत नाही इतकंच, कारण ती बाई "मला प्रवेश नाकारला" म्हणून धागा काढत नाही. ती नुसती यायची थांबते.

आम्ही कुलूप नाही बदललं. खालचा बंद पडलेला दिवा लावून घेतला, आणि वाचनालय आठऐवजी सव्वानऊपर्यंत चालू ठेवायला सांगितलं. ग्रंथपाल आजोबा खुर्चीवर पेंगत असतात, पण असतात. पोरं अजूनही ओट्यावर बसतात. आता एक जण तबल्याची पिशवी खाली आणून देतो.

---

निवृत्त मास्तर · बुधवार, दुपारी ४:००

ताई, आजोबांचा पगार काय?

---

ओव्यांची वही · बुधवार, दुपारी ४:०६

चहा आणि गुरुवारचा प्रसाद.

---

भाडोत्री · बुधवार, रात्री ११:५२

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा भुसावळचा, मकरपुऱ्यात नोकरीला. बडोद्यात येऊन दोन वर्षं झाली, भाड्याने राहतो, इथे कारेलीबागेतच. बहुतेक तुमचाच हॉल असावा, डाव्या पल्ल्यावरून ओळखला.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी वाचनालयात गेलो होतो. दिवाळी अंक चाळावेत एवढंच. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "कुणाकडे आलात?" कुणाकडे नाही, वाचायला आलो म्हटलं. "सभासद आहात?" नाही, व्हायचंय. "कुणाच्या ओळखीने?" इथे ओळख नाही म्हणूनच आलो होतो ना! मग आडनाव विचारलं. सांगितलं. त्यावर "म्हणजे कोण?"

मी हसून बाहेर पडलो. पुन्हा आलो नाही. रागावलो वगैरे नाही, पण खोलीवर येऊन भावाला फोन केला आणि उगीचच पाऊण तास बोलत बसलो.

दोन शिफारशींची अट आता लिहून काढताहेत इतकंच. ती तेव्हाही होती.

---

कमाटीबाग · गुरुवार, १० जुलै, सकाळी ७:३०

भाडोत्री यांच्या "म्हणजे कोण?"वर थोडं लिहितो.

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला आले. कोलंबियात शिकायला १९१३ मध्ये याच संस्थानची शिष्यवृत्ती होती. तर दरबारचा माणूस, परदेशी शिकलेला, आणि गावात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत सोय झाली, ती कशी? नोंदवहीत पारशी नाव लिहून. रखवालदाराला दिवसाचे पैसे मिळाले, वहीची रकाना-पूर्ती झाली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाला. त्यानंतरचे काही तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि तुमच्या हॉलपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

या प्रसंगात रजिस्टर व्यवस्थित होतं, दारावर माणूस होता, प्रवेश कुणाला याचा नियमही पक्का होता. नियम काय विचारत होता ते बघा. तू काय करशील हे तो विचारत नव्हता, तू कुणाचा हे विचारत होता.

---

तिरकस · गुरुवार, सकाळी ९:०२

हे जरा अति होतंय. पेटी चोरीला गेलीय म्हणून कुलूप बदलतायत, तुम्ही विषय कुठच्या कुठे नेलात.

---

कमाटीबाग · गुरुवार, सकाळी ९:२५

पेटी किल्लीवाल्याने नेली. प्रस्ताव मात्र ज्याच्याकडे किल्ली कधीच नव्हती त्याच्यासाठी आहे. विषय मी नेला का?

---

तिरकस · गुरुवार, सकाळी ९:४१

हं. हा मुद्दा आहे.

---

होळकरी · गुरुवार, दुपारी १२:३३

इंदुरातून डोकावतोय. आमच्याकडेही अंगठा आणि कार्ड झालं होतं. पहिला महिना सगळे कौतुकाने अंगठे लावत होते. दुसऱ्या महिन्यापासून दारात वीट. आजही ती वीट आहे, फक्त आता तिला कागद गुंडाळलाय, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून.

---

कायदेबाज · गुरुवार, रात्री ८:१५

झेरॉक्सबद्दल. प्रवेशासाठी ओळख पाहणं वेगळं आणि कागद गोळा करून ठेवणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खाजगी संस्थांना वाव देणारा भाग रद्द केला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचा रोखही हाच आहे: जेवढी लागेल तेवढीच माहिती घ्या, कशासाठी ते सांगा, काम झालं की ठेवू नका. कुणी स्वखुशीने देणारच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढता येतं, ते घ्या. पण मुळात वर्तमानपत्र वाचायला कशाला?

एक साधा प्रश्न. त्या झेरॉक्सांची फाइल कुठे ठेवणार?

---

कारेलीबागी · गुरुवार, रात्री ८:५०

भांड्यांच्या खोलीतल्या कपाटात. त्याला कुलूप नाही.

---

लीलो चेवडो · गुरुवार, रात्री ८:५२

😂😂

---

कायदेबाज · गुरुवार, रात्री ९:१०

अपेक्षित होतं. पुढचा मुद्दा: तुमचं मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं असेल तर मालमत्तेची जबाबदारी विश्वस्तांवर आहे, किल्लीवाल्या काकूंवर नाही. पेटी, समया, सतरंज्या, मोठी पातेली यांची यादी आहे का? पोलिसांत तक्रार दिली असेल तर पेटीचा फोटो, खूण, बनवणाऱ्याचं नाव काही देता आलं का?

---

कारेलीबागी · गुरुवार, रात्री ९:३०

तक्रार दिली. वर्णनात "काळपट तपकिरी, आवाज गोड" एवढंच लिहिता आलं. ठाण्यातल्या गृहस्थांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

---

हौदातली माती · शुक्रवार, ११ जुलै, सकाळी ५:४०

मी आखाड्यातला, शिक्षण कमी, चुकलं तर सांभाळून घ्या.

बडोदा हे आखाड्यांचं गाव. जुम्मादादा मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य माणिकराव हिंदू, आणि व्यायाममंदिर उभं राहिलं ते गुरूच्या नावाने. पोरगा कुणाचा हे बघत बसले असते तर दादांना माणिकराव मिळाले नसते. पण म्हणून तिथे वाटेल त्याने आत शिरून भाला उचलावा असंही नव्हतं हो.

लहानपणी मी ज्या आखाड्यात जायचो तिथली रीत सांगतो. नवा पोरगा आला की वस्ताद नाव विचारायचे, बस. बापाचं नाव नाही, गल्ली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात फावडं. हौद उकरायचा. माती खाली-वर करायची, खडे वेचायचे, तेल आणि ताक घालून मळायची. पंधरा दिवस नुसतं तेच. कुणी तीन दिवसांत पळायचा. जो टिकला तो सगळ्यांना माहीत झालेला असायचा, कारण रोज त्याच्याच मातीत आम्ही पडत होतो. मग जोर-बैठका, मग जोडी, मग लाठी. दांडपट्टा ठेवायच्या खोलीची किल्ली मला सातव्या वर्षी मिळाली. त्या दिवशी घरी येऊन मी ती आईला दाखवली होती.

शिफारस कोण देतो? ज्याला आधीच चार लोक ओळखतात त्यालाच मिळते. फावडं कुणालाही देता येतं. त्या भुसावळच्या दादांना तुम्ही फावडंच दिलं नाहीत.

---

निवृत्त मास्तर · शुक्रवार, सकाळी ६:१०

शिक्षण कमी म्हणे. +१००

---

ओव्यांची वही · शुक्रवार, सकाळी ११:२०

फावडं आवडलं. फक्त एक काळजी. आमच्याकडे बारा वर्षं पातेली घासणाऱ्या एक बाई आहेत, किल्ली अजून मिळालेली नाही. काही जणांच्या हातातलं फावडं कधी सुटतच नाही. किती दिवसांनी काय मिळणार हे आधी सांगायला हवं.

---

हौदातली माती · शुक्रवार, सकाळी ११:४४

खरं आहे ताई. आमच्याकडेही असं झालेलं आहे. नाव नाही घेत.

---

लिव्हर · शनिवार, १२ जुलै, दुपारी २:३०

सभेत मांडायला काहीतरी हवं म्हणून लिहितो.

तुम्ही पूर्ण इमारतीला एकच कुलूप लावून बसलात. त्यामुळे ज्याला पेपर वाचायचाय त्याला पेटीचीही किल्ली मिळते, आणि पेटी जपायची तर पेपरवाल्याला बाहेर काढावं लागतं. आधी हे सोडवा. वाचनालयाची खोली वेगळी करा, तिला रस्त्याकडून दार असेल तर उत्तमच. तिथे न्यायसारखं काय आहे? जुने दिवाळी अंक. गेले तर गेले, रद्दीवाल्याची खेप वाचली. वरच्या हॉलची किल्ली मोजक्यांकडे. आणि पेटी, तबला, समया, माइक यांना लोखंडी कपाट, त्याची किल्ली दोघांकडेच. पैसे दारावर नका घालू, कपाटावर घाला.

मुख्य कुलपाचं आतलं सिलिंडर बदला, हजार-बाराशेत होतं. मग त्या चौदाच्या चौदा चाव्यांचा नुसता घुंगरू करून गळ्यात बांधा. नव्या किल्ल्यांवर नंबर ठोकून घ्या. डुप्लिकेट काढूच शकणार नाही असं कुलूप मी विकतो, पण काढणारा काढतोच, हे पण मीच सांगतो. त्यामुळे वही. किल्ली कुणी घेतली, कधी, परत कधी. आणि वर्षातून एकदा सगळ्या किल्ल्या टेबलावर. दसऱ्याला करा, नाहीतरी पूजा होतेच तिची :)

---

तिरकस · शनिवार, दुपारी ३:०५

वहीत लिहिणार कोण? पहिलं पान सुवाच्य अक्षरात, दुसऱ्या पानावर नुसत्या सह्या, तिसऱ्यावर दुधाचा हिशेब.

---

लिव्हर · शनिवार, दुपारी ३:१२

म्हणून सहाच किल्ल्या करा. सहा माणसांचा हिशेब दुधाच्या पानावरही मावतो.

---

लीलो चेवडो · रविवार, १३ जुलै, सकाळी ९:००

अवांतर: सभेला शेवउसळ असणार का? असेल तर मी पण सभासद होतो. शिफारस कोण देतंय?

---

कारेलीबागी · सोमवार, २१ जुलै, रात्री ९:४५

सभा झाली. अडीच तास. वृत्तांत थोडक्यात द्यायचा प्रयत्न करतो, पण जमेल असं वाटत नाही.

पहिला पाऊण तास पेटीवर गेला. आवाज कसा होता, कुणी कुणी वाजवली, भाता कुणाच्या खर्चाने बदलला. दोघांनी एकमेकांकडे बघत "मी कुणाचं नाव घेत नाही" असं चार वेळा म्हटलं. पेटी कुणी नेली ते कळलेलं नाही आणि आता कळेल असं वाटतही नाही. चौदांखेरीज एखादी किल्ली अजूनही कुणाच्या तरी खणात असेल, पंधरावी.

मग अंगठ्याचं यंत्र. मी लिव्हर यांचा वीज गेल्याचा मुद्दा मांडला. अध्यक्ष म्हणाले बॅटरी आहे. तेवढ्यात काकू उठल्या. काकू सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "गेल्या वर्षी दार फोडलंत त्याचं मला वर्षभर वाईट वाटतंय. मी गावाला गेले ही माझी चूक झाली." कुणी काही बोललं नाही. खरं तर चूक आम्हा सगळ्यांची होती. एका बाईच्या खिळ्यावर अख्खी इमारत टांगून आम्ही निर्धास्त होतो. त्यानंतर यंत्राचा विषय कुणी काढला नाही. मतदानही झालं नाही, तो नुसता गळून पडला.

ठरलं ते असं. सिलिंडर बदललं (झालंसुद्धा, आज). किल्ल्या सहा, नंबर ठोकलेले. त्यातल्या दोन 'पावसाळी': गल्लीच्या दोन्ही टोकांच्या दोन वरच्या मजल्यांवरच्या घरांत, आणि एक घर गुजराती शेजाऱ्यांचं आहे. यावर कुरकुर झाली. पण पूर आला तेव्हा पहार त्यांच्याच घरून आली होती, हे कुणीतरी आठवून दिलं. कपाट घ्यायचं. आतून कुलूप लावायची पद्धत बंद, त्याऐवजी नुसती कडी.

वाचनालय सकाळी साडेसहा ते साडेनऊ सगळ्यांना खुलं, काहीही विचारायचं नाही. त्यासाठी रोज एकाने येऊन उघडायचं, बसायचं, बंद करायचं. सात वार, सात माणसं. तीन महिने वार सांभाळला की शिफारशीशिवाय सभासदत्व, हे ओव्यांची वही यांच्या सांगण्यावरून कागदावर लिहून घेतलं. हौदातली माती, तुमचं फावडं हे. जुन्या वाटेने येणाऱ्यांना मात्र दोन शिफारशी अजून लागणार, ते काही बदलू शकलो नाही. आधार दाखवायचं, झेरॉक्स नाही. कॅमेऱ्याचा विषय पुढच्या सभेवर, कारण तोवर पावणेनऊ वाजले होते आणि शेवउसळ गार होत होती.

सहा वार भरलेत. मंगळवार रिकामा आहे. भाडोत्री, वाचताय का?

---

भाडोत्री · सोमवार, रात्री ११:३०

वाचतोय. पाळी दुपारची असते, सकाळ मोकळी आहे.

टेबलाशी तेच गृहस्थ असतात का?

---

कारेलीबागी · सोमवार, रात्री ११:३८

ते संध्याकाळचे. सकाळी टेबलाशी तुम्हीच असाल. किल्ली नंबर ४, काकूंकडून घ्यायची.

---

भाडोत्री · मंगळवार, २९ जुलै, सकाळी ६:४१

कुणी जागं आहे का? वीस मिनिटं झाली, दार उघडत नाहीये. किल्ली आत जाते, अर्धी फिरते आणि अडते. तीन पोरं पायरीवर बसलीत, एकाचा पेपर आहे परवा. काकू उठलेल्या दिसत नाहीत, नागपंचमीचं उगीच उठवायला नको वाटतं.

---

कारेलीबागी · मंगळवार, सकाळी ६:४४

कुलूप नवीन, पण दार तेच हो! सांगायचं राहूनच गेलं. डाव्या पल्ल्याला खालून गुडघ्याने रेटा द्या, हाताने कडी धरून पल्ला जरा वर उचला, आणि तसाच धरून किल्ली फिरवा. जोर करू नका.

---

भाडोत्री · मंगळवार, सकाळी ६:४९

उघडलं. आत मोठी पाल आहे, बरोब्बर टेबलावर.

---

तिरकस · मंगळवार, सकाळी ६:५१

ती आजीव सभासद आहे.